बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरमध्ये डुकराचं काडतूस शोधू नका

पत्र असं आहे :

"वेंगुर्ल्याजवळ माझी चार एकरांची बाग आहे. नारळ, सुपारी, खालच्या मळ्यात थोडं भात आणि वर कातळाकडे काजू. गेली तीन वर्षं रानडुकरांनी जीव नकोसा केला आहे. भात पोटरीत आलं की एका रात्रीत अख्खा कोपरा लोळवून जातात. सुरण लावायचं तर सोडूनच दिलं. मुंबईला धंद्यात असताना स्वसंरक्षणासाठी घेतलेलं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आहे, परवानाही चालू आहे. माझा भाचा टेक्सासला असतो. तो तिकडे फोर्टी-फोर मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरने डुकरं मारतो. तो म्हणतो, 'मामा, हत्यार दुय्यम, गोळी नीट निवड, हॉलो पॉइंट घे.' दिवाळीला येताना थोड्या गोळ्या आणू का, असंही विचारत होता. तर बत्तीसमध्ये डुकरासाठी कोणतं काडतूस घ्यावं?"

सप्रेम नमस्कार.

बाकीचं सगळं मागाहून वाचा, आधी भाच्याला फोन लावा. एकही गोळी सामानात घालू नकोस म्हणावं. काडतुसं परदेशातून आणायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, आणि तो त्याच्याकडे नाही. बॅगेच्या कप्प्यात विसरून राहिलेलं एक काडतूस विमानतळाच्या मशीनवर दिसलं तरी गुन्हा दाखल होतो. पोराची दिवाळी पोलीस ठाण्यात जाईल, वर व्हिसाचे हाल वेगळे. शिवाय त्याची गोळी तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसणारही नाही.

आता तुमचा प्रश्न. कोल्हापूरला बंदुका-काडतुसांच्या दुकानात मी चोवीस वर्षं काउंटरमागे उभा होतो. पंचक्रोशीतले आणि घाटाखालचेही शेतकरी यायचे. परवान्याचं पुस्तक काउंटरवर ठेवून "दहा एलजी द्या, पाच चार नंबर द्या" म्हणायचे. (एलजी म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, चार नंबर बारीक छर्ऱ्यांचं.) तुमच्यासारखा प्रश्न विचारणारेही पुष्कळ आले, आणि प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं, तेच तुम्हाला देतो. बत्तीसमध्ये डुकरासाठी योग्य असं काडतूस नाही. महागडं नाही, विलायती नाही, कुठलंच नाही.

का, ते आकड्यांत सांगतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराची एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरची, म्हणजे स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसाची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, अर्ध्या तोळ्याहून जराशी जास्त. नळीतून ती सेकंदाला साधारण २१५ मीटर वेगाने निघते. या दोन्हींचा हिशेब केला की तिच्यातली ऊर्जा येते सुमारे १५० ज्यूल. भाच्याच्या फोर्टी-फोर मॅग्नमची गोळी असते २४० ग्रेनची, सव्वा तोळ्याच्या वर, आणि वेग ३६० मीटरच्या आसपास. ऊर्जा सुमारे १००० ज्यूल. म्हणजे त्याच्या एका बारात तुमचे सहा-सात बार बसतात. बारा बोअरच्या, म्हणजे गुळगुळीत नळीच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीतून एकच जड गुल्ला सुटतो तेव्हा हाच आकडा ३००० च्या वर जातो. तुम्ही दोघं मामा-भाचे 'रिव्हॉल्व्हर' हा एकच शब्द वापरता म्हणून वस्तू एक होत नाही. होडकं आणि ट्रॉलर दोन्ही पाण्यावरच चालतात, पण होडक्याने कोणी खोल समुद्रात जाळं टाकायला जात नाही.

ऊर्जा हा अर्धाच हिशेब. उरलेला अर्धा डुकराच्या अंगात आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

मी दहावीत होतो. आमच्या वाडीतल्या एकाने भाताच्या मळ्यात माळ्यावरून डुकरावर बार टाकला. परवानगी वगैरे काही नव्हती, त्या काळी कोणी विचारतही नसे. बंदूक बारा बोअर, पण आत भरलेलं होतं चार नंबरचं काडतूस, कवडे-होल्यांसाठी आणलेलं. डुक्कर ओरडलं आणि करवंदीच्या जाळीत शिरलं. सकाळी रक्ताचे थेंब पऱ्ह्यापर्यंत सापडले, पुढे काही नाही. पाचव्या दिवशी वासावरून सापडलं. मोठा नर होता. गावातल्या जाणत्या माणसाने खांद्यावर सुरी चालवली आणि आम्हा पोरांना जवळ बोलावून दाखवलं. कातडीखाली बोटभर जाडीचा पांढरट, चिवट थर, ओल्या खोबऱ्यासारखा दिसणारा पण सुरीला दाद न देणारा. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर ही ढाल तयार होते. नरांच्या आपसातल्या झुंजीत सुळ्यांचे वार तिच्यावर झेलले जातात. छर्रे त्या थरात बसले होते, गव्हाच्या कणकेत मोहरी दाबून बसवावी तसे. एकही बरगडीपर्यंत पोचला नव्हता. ते डुक्कर छर्ऱ्यांनी मेलं नव्हतं, जखमा सडून मेलं होतं, चार-पाच दिवस तडफडून. त्या जाळीतून आत शिरणारा पहिला माणूस डुक्कर जिवंत असताना गेला असता तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. जखमी नर सरळ अंगावर येतो आणि त्याचा सुळा बरोबर माणसाच्या मांडीच्या उंचीवर असतो.

बत्तीसची गोळी या ढालीवर काय करील, ते आता तुम्हीच ताडा.

भाच्याचा हॉलो पॉइंटचा सल्ला चुकीचा का, तेही नीट समजून घ्या, कारण अशा सल्ल्यात थोडं खरं असतं आणि म्हणून तो पटतो. हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी. मांसात शिरली की खळग्यात दाब येतो आणि टोक फुलासारखं उमलतं. गोळी रुंद होते, जखम मोठी होते. पण रुंद झालेली गोळी लवकर थांबते. त्यासाठी मुळात वेगही हवा. कमी वेगाच्या काडतुसात तो खळगा एक तर उमलतच नाही, नाहीतर उमलतो आणि गोळी चार बोटांवर अडकते. माणसापासून स्वतःचा बचाव करायच्या हत्यारात गोळी आरपार जाऊन मागच्या कोणाला लागू नये म्हणून ही रचना कामाची. जाड अंगाच्या जनावरात काम उलटं असतं. तिथे गोळी आत पोचली पाहिजे, ढाल, स्नायू, हाड सगळं ओलांडून काळीज-फुप्फुसापर्यंत.

म्हणून अमेरिकेत हॅन्डगनने शिकार करणारे जाणते लोक डुकरासाठी, अस्वलासाठी बहुधा कडक ओतीव शिशाची, सपाट नाकाची जड गोळी घेतात. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ती कडक केलेली असते. ती उमलत नाही, सरळ रेषेत खोल जाते, आणि सपाट नाकामुळे भोकही गोल नाकाच्या गोळीपेक्षा चांगलं पडतं. हरणासारख्या पातळ अंगाच्या जनावराला मात्र तेच लोक उमलणारी गोळी घेतात. तिकडची अख्खी परंपराच या एका प्रश्नावर उभी राहिली आहे. १९३५ साली थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचं ताकदवान काडतूस आलं. एल्मर कीथ नावाचा आयडाहोचा गुराखी-शिकारी वर्षानुवर्षं जुन्या फोर्टी-फोरच्या काडतुसात जड गोळी आणि जास्त दारू भरून प्रयोग करत होता. त्याच्या पाठपुराव्यातून १९५० च्या दशकाच्या मध्यावर फोर्टी-फोर मॅग्नम बाजारात आलं. एवढं काडतूस हातात असूनही त्यांचा नियम कडक आहे. ज्या अंतरावर तुमच्या सगळ्या गोळ्या नाश्त्याच्या ताटलीत, म्हणजे सहा इंचांत पडतात, तेवढंच तुमचं अंतर. बहुतेकांच्या बाबतीत हे पन्नास पावलांच्या आतच येतं. आणि तेही दिवसाउजेडी, हात टेकवून. डुकराचं काळीज आपण समजतो त्याहून खाली आणि पुढे असतं, पुढच्या दोन पायांच्या मधोमध. रात्री बॅटरीच्या उजेडात, चिखलात उभं राहून, आखूड नळीच्या हत्याराने ती जागा साधणं कोणालाही जमणारं नाही.

भाचा इच्छुक असेल तर त्याला माझ्याकडून एक गोष्ट सांगा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी आहे. मेलेल्या जनावरात राहिलेले शिशाचे कण कॉन्डोर गिधाडांच्या पोटात जाऊन ती मरत होती. टेक्सासात तशी बंदी नाही, पण एकसंध तांब्याच्या गोळ्या तिकडेही मिळतात आणि खोलही जातात. आपल्याकडे म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं राखायला लोकांनी किती वर्षं घातली ते पाहिलं की मला हा विषय लांबचा वाटत नाही.

टेक्सासात डुक्कर हा बाहेरून आणलेला, मोकाट झालेला प्राणी. तिथे तो शिकारीच्या संरक्षित प्राण्यांत धरत नाहीत आणि जमीनमालक बारा महिने मारू शकतो. आपलं रानडुक्कर इथलंच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने शिकार बंद आहे, आणि कायद्यातली 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. मारण्याचा प्रयत्न, फासकी लावणं, हाका घालणं, आमिष टाकणं, सगळं त्यात आलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाट अगदीच बंद नाही. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी, आणि आधी. "वनरक्षकाला तोंडी सांगितलं होतं" याला काही अर्थ नाही. आणि मेलेलं जनावर सरकारचं, ते वाडीत वाटून घ्यायचं नाही.

ही परवानगी मिळाली तरी तुमचं रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. तुमचा परवाना स्वसंरक्षणाचा आहे. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं, आणि ठासणीने भागत नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचं. कायदा लिहिणाऱ्यांनी हॅन्डगनचा विचारच केला नाही आणि त्यांचं बरोबर होतं. कोकणात घरोघरच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका याच तरतुदीतल्या. (निवडणूक लागली की त्या बहुधा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आलं, म्हणजे भात अजून मळ्यात-खळ्यात असतानाच आचारसंहिता. त्यावरची शेतकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते.)

आणखी एक भीती मी मनापासून सांगतो. डुकराला न लागलेली गोळी कुठे जाते? बत्तीसची छोटी गोळीसुद्धा मोकळ्यावर किलोमीटरभर जाऊ शकते. जांभ्या कातळावर किंवा गडग्यावर आपटली तर कुठल्या दिशेला उडेल सांगता येत नाही. आणि आपल्याकडे रात्र रिकामी नसते. पहिला पाऊस पडला की बत्त्या घेऊन खेकडे पकडायला माणसं व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरतात, पोरं चढणीच्या माशांमागे असतात, काजूच्या दिवसांत राखणदार बागेत झोपतात. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतात. त्या प्रत्येक बातमीतला गोळी झाडणारा माणूस तुमच्या-माझ्यासारखाच पीक राखायला बसलेला असतो.

तुमच्याकडे आज जी काडतुसं आहेत त्यांचं काय, तेही सांगतो, कारण वेंगुर्ल्याची हवा पितळेला सोसत नाही. डबा उघडून एकेक काडतूस खिडकीपाशी धरून बघा. पितळेवर हिरवा कळंक चढला असेल, गोळी आणि कोश यांच्या सांध्यात हिरवट रेघ दिसत असेल, बुडाची टोपी काळवंडली असेल तर ते बाजूला काढा. घासून पुसून परत भरायचं नाही. आत ओल शिरलेली असते. घोडा पडतो, 'टक्' होतं आणि काही होत नाही. अशा वेळी नळी खाली सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधीकधी बार उशिरा होतो. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट जळलेल्या दारूने गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार नळी फोडतो. खराब काडतुसं परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात नोंद करून द्या, विहिरीत टाकू नका. नवी घेताना काडतुसाच्या बुडाशी छाप वाचा. बत्तीसची दोन वेगळी काडतुसं आपल्याकडे मिळतात, रिव्हॉल्व्हरचं लांब, आणि पिस्तुलाचं आखूड, ज्याला एसीपी म्हणतात. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या भोकात कधी कधी जाऊन बसतं, म्हणून लोक फसतात. ते मारायचं नाही. आणि कानशीने गोळीच्या टोकाला चीर पाडून घरीच 'हॉलो पॉइंट' करायचा प्रकार काही जण सांगतील, त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवा.

आता डुकरांचं. तुमचं नुकसान खरं आहे, आणि नुसतं 'मारू नका' म्हणून मी पत्र बंद केलं तर तुमच्यावर अन्याय होईल.

चार एकरांना सौर कुंपण परवडतं, वन विभागाच्या योजनेतून त्याला अनुदानही मिळू शकतं, वनपालांकडे विचारा. डुक्कर नाकाने वाट काढतं, म्हणून खालची तार महत्त्वाची. जमिनीपासून वीतभर उंचीवर पहिली, हातभर उंचीवर दुसरी, आणि वर एक. ओलं नाक तारेला लागलं की बसणारा झटका ते विसरत नाही. हा झटका मशीनमधून थांबून थांबून सुटतो, त्याने जीव जात नाही. घरातल्या मीटरवरून थेट तार ओढून कोणी कुंपणात करंट सोडला तर माणूस मरतो. तुमच्या गड्याला हे स्वतः सांगा, कारण असे शॉर्टकट मालकाच्या नकळत होतात. पावसात तारेखालचं रान दर आठवड्याला काढावं लागेल. ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि कुंपण नुसतं शोभेचं राहतं. बहुतेकांचं कुंपण याच एका कारणाने फसतं. आणि तार लावायची ती पोटरीच्या आधी. एकदा दुधाळ दाण्याची चव लागली की कळप तारेखालची माती उकरून आत येतो.

फासकी कोणाला लावू देऊ नका. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मेले आहेत, आणि बिबट्या अनुसूची १ मध्ये आहे. त्या गुन्ह्याला कमीत कमी तीन वर्षं.

भरपाईचा अर्ज करता का? नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे जायला हवा. लोक आठवडाभर चिडचिड करतात आणि मग जातात, तोवर मुदत टळलेली असते. सकाळी मळ्यात गेल्या गेल्या, काही हात लावण्याआधी, मोबाइलवर फोटो काढा. खुरांचे ठसे, उकरलेली माती आणि लोळलेलं भात एकाच चौकटीत येऊ द्या. सातबारा, आधार आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स एका पिशवीत घालून आधीच तयार ठेवा. लेखी परवानगीच्या अर्जालाही हेच फोटो आणि जुने पंचनामे जोडता येतात. तीन वर्षांचा त्रास कागदावर दिसला तर तुमचा अर्ज वजनदार होईल. परवानगी मिळालीच तर वन विभागाला विचारून, शेतीसंरक्षणाची बारा बोअर असलेला सरावाचा माणूस बोलवा. काडतूस एलजी किंवा गुल्ल्याचं, माळ्यावरून खाली मातीत जाईल असा बार, आणि अंतर तीस पावलांच्या आत. त्या रात्री वाडीत घरोघर सांगून ठेवा.

मळ्याची हद्द किती मीटर भरते आणि व्हाळ कुठल्या बाजूने येतो ते मला कळवा. व्हाळाच्या तोंडाशी तार कशी लावायची हा अवघड भाग असतो, पाणी चढलं की ती वाहून जाते. मोजमाप आलं की पुढच्या वेळी तेवढंच लिहीन.